तात्यांची सुजेची गोळी

तात्या भाव कधी तोंडानं बोलत नसत. इंदापूरच्या गुरांच्या बाजारात ते समोरच्याच्या हातावर उपरणं टाकत आणि खालून बोटं दाबत. तोंडानं मात्र घरच्यांची विचारपूस चाललेली. अंथुर्ण्याचा हा दलाल माझा गुरू. एका गाईवरून काटेवाडीत गोठा उभा केला तो मी माझ्या हिमतीवर. पण गाय पारखायला शिकवलं त्यांनी. तरीही त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

गाय बघताना ते आधी कासेला हात लावत. "दुधाकडं बघू नगं. आत सूज हाय का ते चाचप," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हृदयाच्या झटक्यानंतर बारामतीच्या डॉक्टरबाईंनी त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी लावली. पुढच्या तपासणीला मीच घेऊन गेलो. चरबी उतरलेली निघाली.

"झालं की मग काम! करा बंद," तात्या म्हणाले.

"तात्या, ही गोळी नुसती चरबी उतरवत नाही," बाईंनी समजावलं. "रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून सूज असते, तीही कमी करते. ती बाहेरून कळत नाही. म्हणून गोळी रोज घ्यायची."

"म्हंजी कासंसारखंच की! आधी सांगायचं न्हाय का, बाई?" हा माणूस घासाघीस न करता कबूल झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

काही महिन्यांनी त्यांच्या ओसरीवर विचारलं, "गोळी घेताय ना?"

"घेतो की. गुडघा सुजला की घेतो. सूज नसताना कशाला वाया घालवायची?"

माझं डोकं फिरलं. "गुडघ्याला काय उपयोग तिचा? काळजासाठी दिलीय ती! रोज घ्यायची!"

"वरडतो कशाला, बापूराव? बाजारात असा वरडलास तर गाय कोण दील तुला?" हसत त्यांनी चहाची कपबशी पुढं सरकवली. पण "घेतो रोज," असा शब्दही दिला.

उन्हाळ्यात दुसरा झटका आला. बारामतीच्या वाटेवरच ते गेले.

सावडायच्या दिवशी त्यांच्या शेजारची म्हातारी लंगडत माझ्याजवळ आली. "लई मायेचा माणूस. माझा गुडघा सुजला, तवापास्नं आपली गोळी मलाच आणून द्यायचं. म्हणायचं, माझ्यापरीस तुला गरज हाय."

मी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं पदराची गाठ सोडली. आत दोन गोळ्या होत्या.

"सकाळपास्नं उभं हायसा," ती म्हणाली. "पाय भरून आलं असत्याल. घ्या ह्यातली एक."

मी हात पुढं केला.