इवाईबुवांची दुसरी सीट

साऱ्या भंडारा जिल्ह्यात माझ्यावर अन्याय करायची हिंमत असलेला एकच माणूस आहे, आणि तो जिल्ह्यातला सगळ्यात सज्जन माणूस आहे, ही माझी खरी अडचण. दुर्जनाशी कसं वागायचं ते मला येतं. मी रिकामी पोती शिवण्यापासून सुरुवात केली. आज पवनीत जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीचं माझं स्वतःचं दुकान आहे. या वाटेत जेवढे लबाड भेटले तेवढ्यांशी भांडलो आणि बहुतेकांना पुरून उरलो. माझा आवाज चढला की समोरच्या टपरीवरची गिऱ्हाइकं चहाचा कप खाली ठेवतात. पण हा माणूस पडला माझा व्याही. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. माझी एकुलती एक मुलगी त्यांच्या अड्याळच्या घरात नांदते, तेव्हा मुलीच्या बापाने आवाज चढवायचा तरी कसा? बरं, चढवायला कारण तरी द्यावं माणसाने! इवाईबुवा तेही देत नाहीत. अन्याय करतात तोसुद्धा हात जोडून.

त्यांचा स्वभाव सांगायचा तर एवढाच, की त्यांना कुणी काहीही सांगितलं तरी ते खरं वाटतं. जन्मभर सरकारी नोकरीत कालव्यांचे नकाशे काढले. कागदावर रेघ आहे म्हणजे ती आहेच, तसं माणसाच्या तोंडी शब्द आला म्हणजे तो मनातही असणारच, असा त्यांचा हिशेब. शिंपी म्हणाला "उद्या या", तर हे उद्या हजर. तो पुन्हा म्हणाला "उद्या", तर हे पुन्हा हजर. असे अकरा दिवस गेले, एकदाही कपाळाला आठी नाही. बाराव्या दिवशी शिंप्यानेच लाजून सदरा घरी आणून दिला. आमच्या सोयरिकीच्या बैठकीतही तेच झालं. मुलीच्या बापाने चार लोकांत जरा नमून बोलायचं असतं, म्हणून मी म्हणालो, "पोरगी आमची साधीच हाय जी, सयपाकपानी काई फारसं येत नाई, सांभाळून घ्या." पोरगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आणि स्वयंपाकात तिच्या आईच्या वरचढ. पण इवाईबुवांनी घरी जाऊन बायकोला निरोप दिला, आणि ईनबाईंनी, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, नव्या सुनेला महिनाभर भात कसा लावतात ते शिकवलं. पोरीनेही मुकाट्याने शिकून घेतलं.

अशा या माणसाला एकच वेड होतं. त्यांचे वडील तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत हजेरी लिहायचे, आणि तिथल्या साहेबाजवळ एक हिरवी, बिनटपाची, बुटकी इंग्रजी मोटार होती. लहानपणी ती बघितल्यापासून इवाईबुवांना तसली मोटार हवी होती. निवृत्त झाले आणि एक दिवस माझ्या दुकानात येऊन उभे राहिले. "बालाघाटले एक हाय म्हन्ते. लाकडाच्या व्यापाऱ्याकडं. सौदा तुमी करून द्या जी. मले बोलता येत नाई."

हे त्यांनी खरं सांगितलं होतं. मी वाटेत बजावलं, "तुमी फक्त चूप राहा. चेहराबी हासरा ठेवू नका." सौद्याचा माझा पहिला नियम असा, की ज्याने डोळ्यांत हौस दाखवली तो हरला. व्यापाऱ्याने गोदामामागची ताडपत्री ओढली, आतून चार कोंबड्या उडाल्या आणि खाली ती मोटार दिसली. लांब नाक, तारांची चाकं, बॉनेटवर चामड्याचा पट्टा, आणि बसायला मोजून दोन सीटा. आता कबूल करायला हरकत नाही, मला ती तिथेच आवडली. चाळीस वर्षं यंत्रं पाहिली, पण इतकं देखणं लोखंड पाहिलं नव्हतं. म्हणूनच मी तोंड सोडलं.

"सेठजी, ये गाड़ी है के मुर्गी का दड़बा?"

"भैया, विलायती है. असली."

"चेसीस टेढ़ी है. इंजन जाम है. फोकट में भी दोगे ना, तो मैं मरते दम तक इसमें बैठनेवाला नहीं!"

"तो फिर आए काहे को हो?"

"ये मेरे समधी हैं. इनकी मति मारी गई है."

चार तास मी त्या मोटारीची अशी निंदा केली की कोंबड्यासुद्धा परत आत जायला तयार नव्हत्या. दोनदा उठून फाटकापर्यंत गेलो. शेवटी सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात सौदा पटला, आणि माझ्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दोरखंडांनी बांधून ती अड्याळला आली. मला वाटलं, इवाईबुवा आता माझी पाठ थोपटतील. ते वाटभर मागे वळून मोटारीच्या पोटाखालीच बघत होते. घर आल्यावर हळूच म्हणाले, "चेसीस खरंच वाकडी हाय का जी?"

मी हसलो आणि विसरलो. त्यांनी मात्र महिनाभर दोरी आणि ओळंबा घेऊन त्या मोटारीचं मोजमाप केलं. कागदावर नकाशा काढला. वाकडेपणा सापडेना, तर म्हणाले, "मलेच दिसत नसन. इवाई जाणकार माणूस हाय." तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

पुढची दोन वर्षं ते मोटारीखाली राहिले. आंघोळ करून पाटावर बसायचं आणि मोटारीचं इंग्रजी पुस्तक पोथीसारखं उघडायचं, रोज एक अध्याय. नट खोलायचे आपले पाने तिला लागत नाहीत, इंचाचे लागतात. ते त्यांनी भंगारवाल्यांकडून एकेक करून गोळा केले. बॅटरीचा प्लस या मोटारीत बॉडीला जोडतात, हे बसस्टँडजवळच्या वायरिंगवाल्याला ठाऊक नव्हतं. त्याने जगाच्या रीतीने जोडला आणि समोरून धूर निघाला. तो म्हणाला, "काकाजी, या गाडीचा करंटच उलटा हाय!" इवाईबुवा म्हणाले, "इंग्रजाची हाय जी. त्याईचं तसंच रायते." तेल तर ती उभ्या उभ्या गाळते. घरातल्या पराती एकेक करून तिच्याखाली गेल्या, तेव्हा ईनबाई दारात येऊन म्हणाल्या, "आता कणीक कायच्यात भिजवू? बॉनेटवर?" तिच्या चाकांना बोल्ट नाहीत. मधोमध एक मोठी कानवाली चकती, ती तांब्याच्या हातोड्याने ठोकून घट्ट करायची. निघायच्या आधी ते चारी चाकं ठोकून, कान लावून ऐकतात, मडकं विकत घेताना ऐकतात तसं. "घरातून जाताना मले विचारत नाई," ईनबाई म्हणतात, "चाकाले विचारते."

आणि एक दिवस ती चालू झाली. आवाज असा, की म्हशींनी दावं तोडलं.

आता आमच्या भागात दोन सीटची मोटार म्हणजे साऱ्या गणगोताचा अपमान. जीपमध्ये बारा माणसं बसल्यावरही "अजून एक जण येते का जी?" असं विचारायची इथली रीत. इवाईबुवांनी त्यावर तोड काढली, की दुसरी सीट कुणा एकाची नाही, सगळ्यांची. पोस्टमन बसला. दवाखान्यातली नर्स बसली. शाळेचे हेडमास्तर छत्री उघडून बसले. बियाण्याचं पोतं बसलं, एक गाभण शेळी बसली. कुणा मुलीचं लग्न झालं तर इवाईबुवांनी आनंदाने गाडी दिली. चालवणार तेच, कारण दुसऱ्याला ती चालवता येत नाही, म्हणून नवरी त्यांच्या शेजारी आणि नवरदेव मागून मोटारसायकलवर. फोटो बघणाऱ्याला वाटावं, लग्न इवाईबुवांचंच. इतकंच काय, पवनीतला तो दुसरा ट्रॅक्टरवाला, माझी गिऱ्हाइकं पळवणारा, तोही बसला! माझ्या दुकानावरून गेला आणि वर मला हात केला.

फक्त मी बसलो नव्हतो. ज्याने ती मोटार निम्म्या किमतीत मिळवून दिली तो मी. ती चालू झाल्याला तीन वर्षं झाली आणि मला कुणी "बसा" म्हटलं नाही. उलट मी यायचा असलो की इवाईबुवा अगत्याने माझ्यासाठी ऑटो सांगून ठेवायचे. आसगावला एका नातेवाइकाकडे बारसं होतं. पुढे इवाईबुवा, शेजारची सीट रिकामी, तिच्यावर बाळाचं झबलं. आणि मागे त्यांची धूळ खात ऑटोत मी, दोन अनोळखी बाया आणि एक कोंबडा. त्या दिवशी मी बारशाचे पेढे खाल्ले नाहीत. पण मागणार कसा? नियम माझाच. हौस दाखवली की हरलो.

महालक्ष्म्यांना मुलगी माहेरी आली तेव्हा मात्र माझा बांध फुटला. "तुझा सासरा शेळीले बसवते अन् मले नाई! काय वाकडं केलं मी त्याचं?"

ती आधी दचकली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. "बाबा, तुमीच त बालाघाटले म्हटलं ना, मरेपर्यंत बसणार नाई म्हणून! मामाजी म्हन्ते, बाबाले त्या गाडीचा तिटकारा हाय, आपण जबरदस्ती नाई कराची. तुमी घरी येणार असले का तुमच्या नजरेले पडू नये म्हणून ते गाडी झाकून ठेवते."

मी जेवायचा थांबलो. राग यायला हवा होता, पण कुणाचा यावा ते कळेना. माझं बोलणं आजवर कुणी खरं मानलं नव्हतं, व्यापाऱ्याने नाही, गिऱ्हाइकाने नाही. आम्ही एकमेकांचं खरं मानलं तर धंदाच बसेल. एकानेच मानलं, आणि तीन वर्षं पाळलं.

दुसऱ्याच आठवड्यात अड्याळला गेलो. इवाईबुवा अंगणात चाकं ठोकत होते. मला पाहताच ताडपत्री ओढायला धावले. मी आडून सुरुवात केली.

"कुठं निघाले?"

"तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन येतो म्हटलं. एकटाच."

"हवा चांगली हाय आज."

"हो जी. तुमाले निघाचं असन त ऑटो सांगू का?"

"ऑटो नको."

"मंग जीप सांगतो. मोठी. पाय लांब करून..."

"अजी, मले बसाचं हाय!"

व्याह्यावर आवाज चढवायची ही माझी पहिलीच वेळ. मुलगी कणकेचे हात घेऊन दारात आली. ईनबाई म्हणाल्या, "मंग बसा ना जी, गाडी का पळून चालली?" इवाईबुवांनी हातोडा खाली ठेवला.

"मले वाटे, तुमाले आवडत नाई."

"आवडते. पयल्या दिवसापासून आवडते."

"मंग म्हटलं काहून नाई?"

 त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. धुतलेला रुमाल आणून ती सीट पुसली. ती पुसलेलीच होती.

बसलो म्हणजे काय, आधी माझं पोट बसलं, मग मी. मोटार जमिनीला इतकी लागून की दार उघडं असतं तर रस्त्याला हात लागला असता. गाव सुटलं. मी जन्मभर हे शिवार ट्रॅक्टरच्या सीटवरून, वरून खाली पाहिलेलं. आता धान माझ्या डोळ्यांच्या उंचीला आला होता. नुकता निसवू लागलेला, आणि त्या कोवळ्या लोंब्या वाऱ्याने आमच्याच दिशेने वाकत होत्या. बांधीतून बगळे उठले ते आमच्या डोक्यावरून गेले. तलावाच्या पाळीवर इवाईबुवांनी इंजिन बंद केलं आणि समोर पाण्याकडे बघत विचारलं, "कशी हाय जी?"

माझ्या जिभेवर सवयीने आलंच होतं: सीट ढिली आहे, दचके बसतात, सायलेन्सर गेलेला आहे. आवडलेल्या वस्तूला नाव ठेवल्याशिवाय मी ती कधी घेतली नाही. माझी बायको गेली त्याला सहा वर्षं होतील. तिच्या हातच्या वांग्याच्या भाजीला मी जन्मभर "मीठ पाहून टाकत जा" म्हणत आलो आणि दोनदा वाढून घेत आलो. त्यातलं खरं तिला कळत असणार, असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधीच नाही.

"चांगली हाय," मी म्हणालो. "लई चांगली हाय."

इवाईबुवांना ते लगेच खरं वाटलं.