नीलमातला बुडबुडा

भिंगाखाली त्या निळ्या खड्यात एक बुडबुडा दिसला. खसखशीएवढा, अगदी गोल.

आमचे शेजारी गेले, त्यांचं तेरावं झालं आणि त्यांच्या पत्नी सुमनवहिनी त्यांची अंगठी घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. साडेसातीत घातलेला नीलम शेजाऱ्यांनी नंतर कधी काढलाच नव्हता. मी जन्मभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, म्हणून पारख माझ्याकडे.

नीलम जमिनीच्या पोटात, भयंकर उष्णतेत आणि दाबाखाली, लाखो वर्षं कणाकणाने वाढतो. चिमूटभर लोह आणि टायटॅनियम मिसळलं की तो निळा होतो. त्याच्यात सुयांसारख्या रेघा असतात, भरून आलेल्या जुन्या भेगा असतात. असा गोल बुडबुडा मात्र काचेतच अडकतो. काच घाईने थिजते.

"भावजी, खरा आहे ना हो?"

गेलेल्या माणसाची श्रद्धा कशाला मोडायची, असं मला वाटलं.

"अस्सल आहे, वहिनी."

त्यांनी सावकाश मान हलवली. "वाटलंच मला. बोट सुजलं होतं म्हणून मीच साबण लावून अंगठी काढली. दुसऱ्या दिवशी हे गेले."

"वहिनी, मी खोटं बोललो. ही साधी काच आहे. हा बुडबुडा बघा," म्हणत मी भिंग पुढे केलं.

त्यांनी ते हळूच बाजूला सारलं आणि अंगठी पदराच्या टोकाला बांधली.

"राहू द्या, भावजी. मला बरं वाटावं म्हणून कशाला खोटं बोलता?"