दाराशेजारची फुली

आरोग्य खात्याची बाई खालच्या मजल्यावर पोचलीही नसेल, तोच समोरच्या वहिनी ओलं फडकं घेऊन बाहेर आल्या. बाईने त्यांच्या दाराशेजारी खडूने तारीख घातली होती आणि खाली फुली मारली होती. या घरात ताप आहे, मलेरियासाठी रक्त घेतलंय, परत यायचंय, एवढाच त्या फुलीचा अर्थ. वहिनी ती अशी घासत होत्या, जणू भिंतीवर कुणी थुंकलंय.

"राहू द्या ना ते, वहिनी," मी म्हटलं.

"नुकताच रंग दिलाय. आणि येणारे-जाणारे काय म्हणतील? ह्यांना साधं व्हायरल आहे."

आत त्यांचे 'हे' भर उन्हाळ्यात दोन रजया घेऊन कुडकुडत होते.

माझं डोकंच फिरलं. त्याच दारावर सोनेरी अक्षरांत 'शुभ लाभ' चिकटवलंय. ते खरं की खोटं, कुणी विचारत नाही. अख्ख्या मजल्यावर लिहिलेली खरी गोष्ट ती एकच फुली होती, आणि लाज तिचीच. आता परत येणारा माणूस कोरी भिंत बघून पुढे जाईल, आणि आमचा मजला निरोगी ठरेल. डास काही भिंती वाचत नाहीत. ते माझ्याही घरात येतात.

वहिनींनी फडकं दाराबाहेरच्या मनी प्लांटच्या कुंडीवर पिळलं. "पाणी कशाला वाया घालवायचं?"

खडूचं पांढुरकं पाणी कुंडीखालच्या तुडुंब ताटलीत उतरलं. तिथल्या अळ्या क्षणभर दचकल्या आणि पुन्हा निवांत वळवळू लागल्या.