नऊ विरुद्ध आठ

आमचे आतोबा पाणीखात्यात मीटर वाचायचे. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपायचे आणि सुट्टी मिळाली की रग्बीच्या मैदानावर जाऊन पुन्हा आकडेच टिपायचे. आत्या म्हणायची, "मी केस कापून आले तर आठ दिवसांनी विचारतील, पाहुण्या कधी आल्या? पण मीटरचा काटा अर्ध्या घराने सरकला तर यांना लांबून दिसतो."

देशादेशांची ती रग्बीची स्पर्धा नव्वद वर्षं चाललेली. त्यातली एकेचाळीस वर्षं आतोबांनी पंचांच्या मेजाशेजारी बसून टिपली, आणि आधीची एकोणपन्नास उकरून काढली. म्हणून मैदानावर त्यांचं नावच पडलं 'खोदकाम'. कुणी किती धावा घेतल्या असला सोपा मामला नाही हा. चिखलात पंधरावीस गडी एकमेकांवर पडलेले, आणि खाली चेंडू कुणाच्या छातीखाली, हे देवालाही दिसत नाही. एका ट्रायवर, म्हणजे रग्बीतल्या गोलावर, दोघांनी हक्क सांगितला होता. आतोबा दोघांच्याही घरी जाऊन बसले. एकदा नाही, दरवर्षी. अकराव्या वर्षी त्यातला एक, पाय प्लास्टरमध्ये लटकवलेला, वैतागून म्हणाला, "त्याच्या छातीखाली होता बाबा, माझ्या नव्हता. लिही आणि जा एकदाचा." आतोबांनी लिहिलं आणि गेले.

असा माणूस. आणि अशा माणसाला काल आलेल्या चिटणिसाने शिकवावं?

संघटनेने नव्वद वर्षांच्या नोंदींचं पुस्तक काढायचं ठरवलं. पहिल्या पानावर 'नोंदी व संकलन' आणि खाली आतोबांचं नाव. त्या आठवड्यात आतोबांनी दोनदा दाढी केली, यावरून आत्याने काय ते ओळखलं. मग कच्ची छापलेली पानं तपासायला आली. आतोबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा पुसून बसले आणि बाविसाव्या पानावर थांबले. तसेच उठले, चहा अर्धा टाकून संघटनेच्या ऑफिसात.

नवा चिटणीस गुणी दिसणारा पोरगा. गळ्यात ओळखपत्र, पायात बिनमोज्यांचे बूट. बोलायला लोण्यासारखा.

"काका, चूक नाही ती. जुने गुण आजच्या नियमाने करून घेतलेत. तुलना सोपी जाते."

"म्हणजे काय केलंस?"

"तेव्हा ट्रायला तीन गुण होते. आज पाच आहेत. मशीनने सगळीकडे पाच धरले. सेकंदात झालं!"

सेकंदात झालं. ट्राय म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांच्या रेषेपार जायचं आणि तो भुईला टेकवायचा. त्यानंतर खांबांमधून लाथ मारली की वर दोन. आणि समोरच्याने आगळीक केली तर पेनल्टीची लाथ मिळते, तिचे तेव्हाही तीन, आजही तीन. आता बाविसाव्या पानावरचा सामना घ्या. बावन्न वर्षांपूर्वीचा. शेजारचा तो धिप्पाड देश, ज्याला आपण नव्वद वर्षांत एकदाच हरवलं, ते याच दिवशी. त्यांचे दोन ट्राय आणि त्यावरची एक दोन गुणांची लाथ, म्हणजे आठ. आपल्या तीन पेनल्टी, म्हणजे नऊ. नऊ विरुद्ध आठ. मैदानावर लोकांनी एकमेकांच्या टोप्या फेकल्या त्या दिवशी. मशीनने त्या दोन ट्रायचे दहा केले, वर दोन. बारा विरुद्ध नऊ. पुढच्या रकान्यात 'पराभव'. आणि तक्त्यात त्या देशाविरुद्ध आपले विजय: शून्य.

एक बटण दाबून या पोराने जिंकलेला सामना हरवून टाकला, आणि वर विचारतो, पंखा वाढवू का काका!

"तुझ्या आजोबांचं लग्न तू आजच्या कायद्याने मोडतोस का रे?" आतोबांनी विचारलं.

"तसं नाही काका…"

"तसंच आहे."

त्या तिन्ही लाथा मारणारा माणूस अजून जिवंत होता. हॉस्पिटलच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळता सांभाळता निवृत्त झालेला. गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. आतोबा तडक त्याच्या खोलीवर गेले आणि पान पुढ्यात ठेवलं. बॉयलरवाल्याने ते हात लांब धरून वाचलं, मग जवळ घेऊन वाचलं.

"मी हरलो?"

"यांच्या मते."

"कधी?"

"गेल्या मंगळवारी."

बॉयलरवाला खो खो हसला. मग हसता हसता त्याचा चेहरा असा काही काळवंडला की आतोबांनी खुर्ची मागे घेतली. "काठी दे ती," तो म्हणाला. "आणि रिक्षा बोलाव."

दुसऱ्यांदा ऑफिसात गेले ते दोघं. चिटणीस उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी दिलं. मान द्यायला कुठे कमी नाही हो, मेलं तेच तर!

"आजोबा, तुमच्या भावना मी समजू शकतो."

"भावना गेल्या खड्ड्यात. गणित सांगतो, ऐक. तिसरी पेनल्टी मिळाली तेव्हा त्यांची रेषा दहा पावलांवर होती. आमचा कप्तान म्हणाला, घुसू या. मी म्हटलं, ट्रायला तीन आणि लाथेलाही तीन, मग नाक कशाला फोडून घ्यायचं? म्हणून लाथ मारली. ट्रायला पाच असते तर मी थांबलो असतो का रे? घुसलो असतो की!"

चिटणिसाने बाविसावं पान पुढ्यात ओढलं.

"तू त्यांचे गुण वाढवलेस. मग माझे पाय पण मागे ने बावन्न वर्षं, आणि दे चेंडू हातात. बघू काय होतं."

मशीनला हे कसं कळावं? ज्या नियमाने खेळ खेळला गेला त्याच नियमाने तो मोजायचा, एवढी साधी गोष्ट. पण हल्ली ज्याने चिखल पाहिला नाही त्याच्याच हातात रकाने असतात.

आता एक अडचण चिटणिसालाही होती. संघटनेच्या घटनेत पहिल्या दिवसापासून कलम आहे: नोंदी ठेवणाऱ्याची पानावर सही नसेल तर आकडा छापायचा नाही. छापखानाही त्याच सहीवर चालायचा. दोन दिवसांनी चिटणीस स्वतः आतोबांच्या घरी आला. आत्याने चहा दिला तो त्याने घेतला, पण कप खाली ठेवेना.

"काका, जुनेच गुण हवेत तर तसे करून द्या. मी अडवत नाही. पण मग पुस्तकावर तुमचं नाव नको. अध्यक्षांना मी सांगून बसलोय की नव्या पद्धतीने नव्या नोंदी. खोदकामकाकांच्या वह्याच उतरवल्या असं दिसलं तर मी काय केलं म्हणायचं?"

"आणि तुझी पद्धत ठेवली तर?"

"तर तुमचं नाव मोठ्या अक्षरात. फोटोसकट."

आत्या मधेच म्हणाली, "फोटो कुठला घेणार? यांचा एकच बरा आहे, आणि त्यात मी कापलेली आहे."

आतोबा हसले नाहीत. "पानं ठेवून जा," म्हणाले.

तीन दिवस आतोबा आणि आत्या टेबलाशी बसले. आत्या वहीतून आकडे मोठ्याने वाचायची, आतोबा पानावर मशीनचा आकडा कापून शेजारी खरा लिहायचे आणि सही करायचे. एकोणीस सामन्यांचे निकाल पालटले होते. एकोणीसही परत जागेवर आणले. त्यात चार सामने असे, की मशीनने आपल्याला फुकटात जिंकवले होते. आत्या म्हणाली, "हे चार राहू द्या की, कोण बघतंय?" आतोबांनी नुसतं बघितलं. तिने पुढचा आकडा वाचला.

चौथ्या दिवशी सकाळी छापखान्यात गेले. तिथला मुकादम जुना माणूस, शाईने नखं कायमची काळी. त्याने एकेक पान पालथं घालून सही बघितली, गठ्ठा ठोकून सरळ केला, आणि मग सगळ्यात वरचं पान पुढे केलं. त्यावर आतोबांचं नाव, ठळक, मधोमध.

"हे तरी बरोबर आहे ना?"

आतोबांनी पेन उघडलं, नाव आडवं कापलं आणि खाली सही केली.

मुकादम बघतच राहिला. "अहो, स्पेलिंग चुकलंय का?"

"नाही. बरोबर आहे. पण काढ," आतोबा म्हणाले. "आणि बाविसावं पान तेवढं तू स्वतः लाव. नऊ आधी. आठ नंतर."