शालनचं हसू

काल साताऱ्यात एकटीपुरता पेरू चिरला आणि त्या वासासरशी कुंडलच्या शाळेतला नववीचा वर्ग आठवला. नव्या बाई इंग्रजी गोष्ट वाचत होत्या, मराठीत अर्थ न सांगता. एका वाक्याला मी एकटीच खुदकन हसले. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. माझे कान तापले.

शेजारी शालन बाकाखाली लपवून पेरू खात होती. "काय झालं गं? सांग की, आमाला बी हसू दे."

मी कुजबुजत मराठीत सांगितलं, पण त्यात हसण्यासारखं काही उरलंच नाही. तरी शालन खळखळून हसली. बाईंनी तिला उभं केलं.

तिला गंमत कळली, असंच मला कितीतरी वर्षं वाटत होतं. खरं तर मी एकटी पडू नये म्हणून ती हसली होती, हे आता कळतं.

हल्ली इंग्रजी पुस्तक वाचताना हसू येतं. मी मान वर करून बघते. घरात कुणीच नसतं.