फ्लॉपी ड्राइव्हवरचा धवला

कर्जतच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांनी टाकून दिलेले जुने फ्लॉपी ड्राइव्ह मी जमवतो. आतली मोटर कमीजास्त वेगानं फिरवली की तिची घरघर सुरात येते, आणि सात-आठ ड्राइव्ह एकत्र जोडले की चक्क गाणं वाजतं. बायको याला भंगार म्हणते. म्हणो बापडी.

माझी आत्या खालापूरकडची धवलारीण. लग्नातल्या एकेका विधीला धवले गायचा मान तिचा, तिच्याशिवाय आमच्यात हळद लागायची नाही. पण मध्यंतरी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज फाटला आणि तिनं गाणंच सोडलं. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाली, "स्पीकर लाव रं. माजा आवाज आता मांडवात न्यायचा नाय राह्यला." मुलगी हटून बसली, आत्याआजी गाणार नसेल तर हळदच नको. दोघी सारख्याच हट्टी, आणि मध्ये मी.

समजूत घालणं मला कधी जमलेलं नाही. मी आपला हळदीचा धवला ड्राइव्हवर बसवला आणि ते सगळं लाकडी खोक्यात घालून आत्याच्या ओटीवर नेऊन मांडलं. ती वाल सोलत बसली होती.

"कोन कण्हतंय रं याच्यात?"

"तुझाच धवला आहे."

"माजा? नवरीला पाटावर बसू तरी दे. एवडी काय घाई हाय?"

मी वेग कमी केला. तिनं पुन्हा ऐकलं. "इथं सूर वर न्यायचा," म्हणाली आणि नेऊन दाखवला. सूर चिरकला. तिनं चोरून माझ्याकडे पाहिलं. खोक्यातले ड्राइव्ह त्याहून भयंकर खरखरत होते. तिला हसू फुटलं, आणि सूप बाजूला सारून तिनं अख्खा धवला म्हटला.

निघताना म्हणाली, "हळदीला हे डबडं घेऊन ये. याच्या शेजारी माजा गळा बरा वाटतो."

हळदीत निम्म्यावर तिचा आवाज बसला. ड्राइव्ह मात्र घरघरत पुढं गेले. आत्या घोटभर पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि पुढच्या ओळीला तिनं त्यांना बरोब्बर गाठलं. पिवळीधमक झालेली माझी मुलगी रडायला लागली. मीही रडलो. आणि बायकोनं उठून त्या खोक्याला हळदीचं बोट लावलं.