ड्रॉइंगमधले चौदा कपॅसिटर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ज्या दिवशीचा राग त्या दिवशी गिळावा लागतो, तो पुढे किस्सा होऊन बाहेर पडतो. माझ्याकडे असे बरेच साठलेत. मी सांगायला लागलो की लोक हसतात. हसू देत, पण मला अजून हसू येत नाही.

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला मी श्रीगोंदा भागातल्या एका साखर कारखान्यात वायरमन होतो, नगरच्या आयटीआयमधून नुकताच बाहेर पडलेला. आमचे मिस्त्री किसनराव. शाळा चौथीपर्यंत, पण पॅनलचं दार उघडलं की नुसत्या वासावरून जळालेली कॉइल दाखवायचे. वर नवे असिस्टंट इंजिनिअर, चांदोरकर साहेब, कॉलेजात पहिले आलेले. यंत्रं वेगवेगळ्या देशांतून आलेली, त्यामुळे ड्रॉइंगमधल्या खुणाही दर यंत्राला वेगळ्या. आमची निम्मी भांडणं त्या खुणांवरून व्हायची.

*

बॉयलरच्या नव्या पंपांबरोबर परदेशातून ड्रॉइंगची गुंडाळी आली. तिच्यात एक वेगळा कागद होता. कुठली खूण कशाची, ते सगळं त्यावर छापलेलं, तेही रंगीत. आम्हाला हवा होता तो नेमका हाच कागद.

तो मॅनेजरांना आवडला. त्यांनी काच लावून, फ्रेम करून तो गेस्ट हाऊसच्या भिंतीवर टांगला. पाहुण्यांना दिसायला बरा.

मग आम्हाला एखादी खूण अडली की अर्धा फर्लांग चालत गेस्ट हाऊसला जायचं. तिथला शिपाई दारातच अडवायचा, कारण आमच्या कपड्यांना ग्रीस. मी एकदा हातपाय धुऊन, अनवाणी आत गेलो आणि कोचावर बसलेल्या कुणा संचालकांच्या डोक्यावरून वाकून रिलेची खूण वहीत उतरवून घेतली. त्यांनी मला विचारलं, “पंखा दुरुस्त करायला आलास का?”

*

एका ठेकेदाराने हाताने काढलेलं ड्रॉइंग पाठवलं. त्यावर एक शब्द नाही. एक गोल आणि त्यात एक अक्षर, एवढंच काय ते ओळखू येत होतं. चांदोरकर साहेबांनी कागद टेबलावर पसरला आणि सांगितलं की हा डब्ल्यू, म्हणजे वॉटमीटर, आणि तो आपल्या स्टोअरमध्ये नाही, तेव्हा काम थांबवा.

किसनराव टेबलाच्या पलीकडे उभे होते. ते हळूच म्हणाले, “साहेब, मला हितनं एम दिसतोय. मोटर आसंल.”

कागद उलटा पसरलाय हे साहेबांच्या लक्षात आलंच नाही, की आलं आणि मान्य करायचं नव्हतं, देव जाणे. ते म्हणाले, “मग तुम्ही या बाजूला येऊन बघा.”

काम दोन दिवस बंद राहिलं.

*

ब्ल्यूप्रिंट म्हणजे निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. त्यात दोन रेघा नुसत्या एकमेकींवरून गेल्या, तर त्या तारांचा संबंध नाही. तिथे ठिपका असेल तर जोड. एवढ्याशा ठिपक्यावर सगळं अवलंबून.

गव्हाणीच्या, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्याच्या, ड्रॉइंगवर एका ठिकाणी असा ठिपका होता. साहेबांनी तिथे जोड द्यायला लावला. किसनराव म्हणाले, इथे जोड बसत नाही. साहेब म्हणाले, ड्रॉइंग काय खोटं बोलतं? जोड दिला, बटण दाबलं, फ्यूज उडाले आणि गव्हाण अडीच तास ठप्प. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली. बैल उन्हात उभे, गाडीवाले आम्हाला शिव्या देतायत.

किसनरावांनी नखाने तो ठिपका खरवडला. तो निघाला. चुना होता.

आमच्या खात्यात तंबाखू खाणारं कुणी नव्हतं. आदल्या दिवशी संचालकांची पाहणी झाली होती आणि त्यातल्या एका मोठ्या माणसाने तळहातावर तंबाखू-चुना मळत मळत ते ड्रॉइंग बराच वेळ निरखलं होतं. ते सगळ्यांना माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली: इलेक्ट्रिक खात्यातील कामगारांनी तंबाखू खाऊ नये.

*

हा किस्सा कारखान्याबाहेरचा. माझ्या गावचे एक शेतकरी, नामदेवअण्णा. विहिरीवर नवी मोटर बसवली. स्टार्टरच्या झाकणाच्या आत चिटकवलेल्या नकाशात एक उभी रेघ आणि तिच्याखाली तीन आडव्या रेघा, एकीपेक्षा एक लहान. अण्णांनी मोटर बसवायला आलेल्या दुकानदाराच्या माणसाला त्या कशाच्या म्हणून विचारलं. त्याने सांगितलं, कंपनीची खूण आहे.

त्या रेघा म्हणजे अर्थिंग. त्याची तार जमिनीत गाडायची असते. त्याने ती लावलीच नव्हती.

आठव्या दिवशी ओल्या पायाने वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, हात स्टार्टरला लागला आणि त्या लांब फेकल्या गेल्या. जीव वाचला, पण उजवी मूठ दोन महिने वळत नव्हती. मी अर्थिंग करायला गेलो तर त्या तीन रेघांवर हळदकुंकू वाहिलेलं. अण्णा म्हणाले, “आमाला वाटलं शंकराचं गंध हाय. कुनी नीट सांगितलंच न्हाई.”

मी त्या दुकानात जाऊन भांडलो. मालक म्हणाला, गिऱ्हाइकाने विचारायला हवं होतं.

*

आता किसनरावांचं.

साखरेतून मळी वेगळी काढणारं, गरगर फिरणारं एक मशीन अमेरिकेतून आलं होतं. आमच्या पुस्तकात दोन उभ्या समांतर रेघा म्हणजे कपॅसिटर, वीज साठवणारी डबी. त्या ड्रॉइंगमध्ये अशा जोड्या चौदा. साहेबांनी पॅनल उघडलं, आत एकही कपॅसिटर नाही. चाव्या किसनरावांकडे.

किसनरावांना मेमो मिळाला. चौदा कपॅसिटर कुठे गेले? त्यांनी सांगितलं की यात कपॅसिटर नव्हतेच, मशीन पहिल्या दिवसापासून असंच चालतंय. कुणी ऐकलं नाही. रोज सुटी झाली की गेटवरचे पहारेकरी सगळ्यांसमोर त्यांची पिशवी उलटी करायचे. डबा, टॉवेल, चष्म्याचं घर. बावीस वर्षं वायरी ओढलेला माणूस, खाली बसून आपला डबा उचलायचा. मी एकदा उचलायला वाकलो तर म्हणाले, राहू दे.

अकरा दिवसांनी मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने ड्रॉइंग बघितलं आणि सांगितलं की अमेरिकेत ही खूण कॉन्टॅक्टची, म्हणजे साधी उघडझाप करणारी पट्टी. चौदाच्या चौदा पट्ट्या पॅनलमध्ये जागेवर होत्या.

चांदोरकर साहेब त्या दिवशी रजेवर गेले. चूक झाली असं कुणी बोललं नाही. किसनरावांना ऑफिसात बोलावलं, मीही बरोबर गेलो. हेडक्लार्कने टाइप केलेला कागद पुढे सरकवला आणि इथे सही करा म्हणाला. मी वाचून दाखवला: “हरवलेले चौदा कपॅसिटर मिळाले. प्रकरण बंद.”

किसनरावांनी पेन घेतलं नाही.

“मिळाले म्हनता, तर एकदा दाखवा मला,” ते म्हणाले. “मी काय चोरलं हुतं ते बघून घेतो.”